मंदाच्या मायची चमकी

देऊळगाव राजा, मंगळवार, दिवेलागणीनंतर

सराफीचं दुकान वाढवायच्या वेळी मंदा आली. रुमालाच्या गाठीत तिच्या मायच्या चमकीचा खडा. माय गेली तेव्हा चमकी नाकातून निघेना, फिरकी मांसात रुतलेली.

"कोणी म्हणे, कापून काढा. भाऊ म्हणे, राहू द्या, मायले दुखंल," मंदा म्हणाली. मायला चमकीसकटच चितेवर ठेवलं. राख सावडताना नुसता खडा हाती लागला.

"काकू, खराच हिरा व्हता का हा?"

सवयीने खड्यावर तोंडाची वाफ सोडली. हिऱ्यावरची वाफ क्षणात उडते, काचेवरची रेंगाळते. मी बघत राहिले. धुकं जाईना. भिंगाखाली धरला तेव्हा कळलं, ती माझी वाफ नव्हतीच. खडा वरून जळला होता. हिरा म्हणजे तरी कार्बनच. चितेच्या आगीत पांढरा पडतो. काच असती तर वितळली असती.

"खराच आहे गं. जळालेलं पॉलिशने निघेल."

"जे जळालं ते कुठं गेलं?"

"धुरात," म्हटलं.

"म्हंजे मायसंगच गेलं." पॉलिश नको म्हणाली, आणि गाठ मारून निघून गेली.

ते धुकं अजून डोळ्यांपुढून हलत नाही. घरी येऊन आरशासमोर माझी चमकी फिरवून पाहिली. लग्नापासून काढलेलीच नाही. फिरत नाही. तेल आण म्हणून मुलाला हाक मारणार होते, पण तोंडाशी आलेली हाक गिळली. माझ्या वेळी काय म्हणेल तो? कापा म्हणेल, की आईला दुखेल म्हणेल?