आईचा राखून ठेवलेला चान्स

आई, तुझा चान्स इतकी वर्षं तसाच राहिला होता. परवा पेणला जाऊन मी तो घेतला. तेच सांगायला बसले आहे.

आपल्या गणपतीच्या कारखान्यामागचं ते अंगण आठवतं ना? डोलवीला कामाला जाणाऱ्या एका वेल्डरकडून दादाने सळई वाकवून रिंग करून आणली आणि भिंतीवर ठोकली. शाळा सुटली की आळीतल्या आम्ही सगळ्या मुली तिथेच. एकीने जिथून, जसा चेंडू रिंगमध्ये टाकला, तिथूनच आणि तसाच बाकीच्यांनी टाकायचा. चुकली की एक अक्षर. आम्ही ‘गणपती’ची अक्षरं घ्यायला निघालो, तर तू आतून ओरडलीस, “देवाच्या नावाने हरताव काय गो? पापड घ्या, पापड.” मग पा, प, ड पुरं झालं की ती पोरगी पापड, आणि पोह्याचे पापड भाजून सगळ्यांना तिनेच खिलवायचे. सीझनला अंगणभर शाडूच्या मूर्ती सुकत असायच्या, तेव्हा तुझा आणखी एक नियम. “मूर्ती ओल्या हायेत. टप्पा पडला नाय पायजे.” रिंगमधून पडलेला चेंडू जमिनीला लागायच्या आत झेलायचा, नाहीतर गेलेला चेंडूही बाद. आम्ही मूर्तींमधून अशा काही सरकायचो की बघणाऱ्याचा जीव वरखाली व्हावा.

मूर्तींच्या डोळ्यांची आखणी संपवून तू यायचीस, पदर खोचायचीस आणि पायरीवर उभी राहून दोन्ही हातांनी खालून चेंडू सोडायचीस. ब्रश टेकवताना धरायचीस तसाच श्वास धरून. चुकलीस तर कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगायचीस, “माझं अक्षर लिव्हा.” मध्येच कामाची हाक आली तर तुझा चान्स राखून ठेवायचा, तू हात धुवून येईपर्यंत खेळ थांबायचा. कामाला गेलेल्याचा चान्स मोडायचा नाही, हा तर आपला कायदाच होता.

त्या शेवटच्या दिवशी तू ‘पाप’वर होतीस. मी पायरीवरून चेंडू टाकला होता, आता तुला टाकायचा होता. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. “माझा चान्स ठेव गो,” म्हणालीस आणि आत गेलीस. संध्याकाळी तुझ्या छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, आणि तू परत आलीच नाहीस. मी त्या रिंगकडे पुन्हा बघितलं नाही. तुझा चान्स मोडायचा कुणी?

रोह्याला नोकरी लागली तेव्हा तिथे माझं कुणीच नव्हतं. कॉलनीच्या कोर्टावर कंपनीतल्या मुली खेळायच्या, त्यांना मी पापड शिकवला. इथे ना मूर्ती, ना शाडू, तरी चेंडू खाली यायच्या आत झेलायला मी पळते. आधी त्या हसल्या, आता त्याही पळतात. त्यातली एक माझी जिवाभावाची मैत्रीण झाली. तिला तुझ्याविषयी सगळं माहीत आहे.

मागच्या आठवड्यात दादाचा फोन आला. “शेड वाढवतोय, रिंग काढायला लागंल. तुमचा डाव तेवढा संपव.” त्या रात्री मी खूप रडले. डाव संपला की तू खरंच गेलीस, असं वाटत होतं. रविवारी मैत्रीण सोबत आली. गाडीने पेणच्या अलीकडचं कासू सोडलं तशी मी दाराशी जाऊन उभी राहिले. अंगणात मूर्ती सुकत होत्या आणि दादा पाना घेऊन शिडीवर, अगदी रिंगजवळ.

“आईचा चान्स हाय,” तो म्हणाला. “तूच घे.”

मी ओढणी खोचली, पायरीवर उभी राहिले, श्वास धरला आणि खालून चेंडू सोडला. मग पळाले आणि एका ओल्या बाप्पाच्या मुकुटावरच तो झेलला. दादा वरून म्हणाला, “गेला.” लहानपणी अर्ध्या बोटाच्या फरकावरून आमच्याशी भांडणारा दादा. मैत्रीणही म्हणाली, गेला. म्हणजे तू अजून ‘पाप’वरच आहेस आणि पुढचा चान्स माझा. रिंग मी रोह्याला घेऊन आले आहे.

हे पत्र तुझ्या फोटोपुढे ठेवणार होते, पण ठेवत नाही. वाचलंस तर तू स्वतःच ‘ड’ घेऊन मोकळी होशील. चेंडू कडेला लागून बाहेर आला होता, आई.