कायनिक ॲसिड आणि चप्पल

मंगळवार, आंबवडे

सकाळी कॉलेजच्या लॅबमध्ये उंदराला कायनिक ॲसिड टोचलं. ते मेंदूतले ग्लुटामेटचे रिसेप्टर पेटवतं, म्हणजे आम्ही मुद्दाम आकडी आणतो. उंदीर पिंजऱ्यात थडाथड आपटत होता आणि मी शांतपणे लिहून घेत होते.

संध्याकाळी घरी आले, तर दादाला आकडी आलेली. पाय फरशीवर थडाथड. आण्णा त्याच्या नाकावर चप्पल दाबून बसलेले. माझं टाळकंच फिरलं. चप्पल हिसकावून भिंतीवर मारली, आण्णांना ढकललं. ते पडले.

"मग काय नुसतं बगत बसायचं व्हय?" आण्णा म्हणाले.

दादा आता झोपलाय. आण्णांचं कोपर सोललंय. उद्या दुसरा उंदीर आहे, आणि मला नुसतं बघत बसायचंय.