रेषेपाशी उठणारा हात

दि. ११, बुधवार
शाळेची क्रीडाखोली

लाडक्या भिंगरीस,

आईचे भरपूर आशीर्वाद आणि बाबांकडून डोक्यात एक टपली. आम्ही दोघं खुशाल आहोत. तू वेळेवर जेवत असशील, केस वाळल्यावरच झोपत असशील आणि वॉर्डनबाईंशी वाद घालत नसशील असं धरून चालते. यातलं शेवटचं खरं नसणार, हे मला ठाऊक आहे.

तुम्हाला त्या क्रीडा वसतिगृहात फोन रविवारशिवाय मिळत नाही, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तुझ्या खोलीतल्या चष्मेवालीचे बाबा उद्या सकाळी तिकडे जाणार आहेत, तिचे नवे बूट द्यायला. पत्र त्यांच्या हाती देणार आहे, म्हणजे उद्या दुपारीच तुला मिळेल.

सध्या शाळेत शारीरिक क्षमता चाचण्या चालू आहेत आणि माझ्या नाकी नऊ आले आहेत. या दिवसांत निम्म्या शाळेचं पोट दुखतं आणि उरलेल्या निम्म्या शाळेचा पाय मुरगळतो, ते तुला सांगायला नकोच. काल एक मुलगी अंगात दोन स्वेटर घालून वजनकाट्यावर उभी राहिली, कारण मागच्या वेळी तिला वर्गात ‘काडी’ म्हणून चिडवलं होतं. एक पठ्ठ्या उंची मोजायला केस असे फुगवून आला की पट्टी डोक्याला टेकेचना. मी केस दाबले तर म्हणतो, “बाई, हे पण माझंच आहे ना!” आणि आमचे गणिताचे सर! पाय लांब करून बसायचं आणि पुढे वाकून खोक्यावरची पट्टी सरकवायची, ही टेस्ट मुलं देत होती. सर म्हणाले, “यात काय अवघड आहे?” आणि बसले की मांडी सोडून. वाकले बऱ्यापैकी, पण उठवायला दोघे लागले. आज जिना चढताना कठडा सोडत नाहीयेत, आणि माझ्याकडे बघतही नाहीयेत.

घरी सगळं जागच्या जागी आहे. तोच त्रास आहे. सकाळी आरसा रिकामा असतो, नहाणीचं दार कोणी आतून कडी लावून बसलेलं नसतं, ‘आई, माझा मोजा!’ म्हणून कोणी घर डोक्यावर घेत नाही. त्यामुळे मी शाळेत शिपाईमामांच्याही आधी पोचते आणि कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर पर्स सांभाळत उभी राहते. मामांनी परवा विचारलं, “बाई, घरी काही भांडणबिंडण?” काय सांगणार! घरात भांडायला कोणी उरलं नाही हीच तर अडचण आहे. बाबा रोज व्हॅन लावून वर येतात आणि चपला काढता काढता विचारतात, “भिंगरीचा काही निरोप?” मधल्या वारी कसला निरोप येणार? पण विचारतात. मी नाही म्हणते. मग रिमोटसाठी झटापट करायला कोणी नाही म्हणून टीव्ही न लावताच त्याच्यासमोर बसून राहतात.

तुझे पायमोजे धुवून ठेवलेत. निळ्या टी-शर्टची शिवण उसवली होती, ती घातली. चष्मेवालीच्या बाबांना फार ओझं नको म्हणून एवढंच पाठवते. शिवाय केळी नेऊ नका असं त्यांना सांगितलंय, तिकडे पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो.

हो, तू पाठवलेला टूं-टूंच्या सरावाचा व्हिडिओ पाहिला. रविवारी तू विचारलंस, “आई, माझं काय चुकतंय ते बघून सांग ना,” आणि मी बघून सांगते म्हणाले. तर पाहिला. मैदान छान आहे तुमचं. गवत सगळीकडे सारखं कापलेलं, आणि मागे ती झाडांची रांग. तू थोडी काळवंडली आहेस. टोपी घालत जा.

तुमचे सर म्हणतात ना, दम कमी पडतोय. त्यांचाही अनुभव मोठा आहे. तुझ्या बाबांनीही तो व्हिडिओ बघितला. बघून झाल्यावर फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, “दमतेय गं पोरगी. शनिवारच्या निवड चाचणीत नाही जमलं तर नाही जमलं. येऊ दे घरी. आपल्याकडे काय मैदानं नाहीत?” आणि लगेच उठून तुझ्या खोलीत गेले. तिथे त्यांनी त्यांची अवजारांची पेटी ठेवली होती, ती उचलून परत माळ्यावर टाकली. जागा मोकळी केली.

घंटा झाली. आठवीची टूं-टूं घ्यायची आहे. दरवर्षी मी तेच समजावते: दोन रेषा, मध्ये वीस मीटर, स्पीकरने टूं करायच्या आत पलीकडच्या रेषेला पाय लागला पाहिजे, पुन्हा टूं व्हायच्या आत परत. टूं-टूं जवळ जवळ येत जातात आणि ज्याला गाठता येत नाही तो बाहेर. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, “बाई, यात जिंकतं कोण?” अरे, स्पीकर जिंकतो, दुसरं कोण! बाकीचं घरी जाऊन लिहिते.

संध्याकाळ, घरी

दुपारी लिहिलेलं आत्ता वाचलं आणि माझाच मला राग आला. मोजे, केळी, टोपी. सगळं लिहिलं आणि तू जे विचारलं होतंस तेवढं सोडून दिलं.

आठवीत एक नवीन मुलगी आली आहे. तिचं नाव अजून माझ्या तोंडी बसलेलं नाही. आज टूं-टूंला ती चांगली पळत होती, पण दर वेळी रेषेच्या अलीकडेच वळत होती. मी स्पीकरजवळून ओरडले, “अगं ए, रेष पुढे आहे! पाय लागू दे, मग वळ!” तिने पुढच्याच फेरीत सुधारलं. शेवटपर्यंत टिकलेल्या मुलींत ती होती. संपल्यावर घामाघूम होऊन आली आणि म्हणाली, “बरं झालं सांगितलंत बाई, माझं लक्षच नव्हतं.” मी मान डोलावली आणि शिट्टी तोंडात धरून तशीच उभी राहिले. पुढचा गट रेषेवर येऊन ताटकळला तरी माझं लक्ष नाही. शेवटी एकीने विचारलं, “बाई, सुरू करू का?”

ज्या पोरीचं मला नाव येत नाही तिला मी तिथल्या तिथे सांगितलं. आणि माझ्या पोरीने तोंड उघडून विचारलं, तर मी रविवारपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आहे. लाज वाटली गं.

तर आता ऐक. तुझा दम अजिबात कमी पडत नाहीये. तुमच्या सरांचा अंदाज चुकलाय. दमलेली मुलगी दोन रेषांच्या मध्ये मागे पडते. तू मध्ये सगळ्यांच्या पुढे असतेस, रेषेपाशी मागे पडतेस. रेष आली की शेवटच्या तीन-चार पावलांत तू आखडतेस, ताठ होतेस आणि तुझा उजवा हात वर उठतो. तळवा पुढे. व्हिडिओ थांबवून बघ. प्रत्येक फेरीत उठतो. मागच्या मुलींपैकी एक तुझ्या त्या हाताची नक्कल करून हसतेय, तेही दिसतं.

तो हात कुठून आला, सांगू? आपल्या मजल्यावरच्या पॅसेजमधून. मोठं मैदान मोठी मुलं सोडायची नाहीत, म्हणून मी तुला पॅसेजमध्ये पळवायचे. टाळ्या वाजवून. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत, पुन्हा जिन्यापासून दारापर्यंत, आणि दोन्ही टोकांना भिंत. भिंतीवर आपटू नयेस म्हणून आधी वेग आवरायचीस, हात टेकायचीस आणि भिंतीला ढकलून उलटी सुटायचीस. खालच्या काकू छत गडगडतंय म्हणून वर यायच्या आणि तुला बघून, “पळ गं बाई, पळ,” म्हणून खाली जायच्या. आजही त्या भिंतीवर तुझ्या तळव्याचे मळकट डाग आहेत. खालचे लहान, वरचे मोठे. भिंत होती तेव्हा ते बरोबर होतं. ती तुला ढकलायची. आता तिथे नुसता चुना टाकलेला आहे, ढकलायला काही नाही. तू हात पुढे करतेस, तिथे काहीच नसतं, आणि पुन्हा शून्यापासून पळायला लागतेस. तेवढ्यात टूं होतं.

हे मला पहिल्यांदा बघतानाच कळलं. मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. तरी मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. कारण ते कळल्यावर मला आधी आनंद झाला. एवढ्या लांब, एवढ्या मोकळ्या मैदानात, माझी मुलगी अजून आमच्या पॅसेजमध्येच पळतेय! कोणी पाहिलं तर वेडी म्हणेल, पण भाजी परतताना एका हाताने फोन धरून मी तुझा तो हात बघत होते. भाजी करपली. बाबांनी तशीच खाल्ली.

आणि मग मनात आलं की आपण काहीच करायचं नाहीये. फक्त गप्प राहायचं आहे. शनिवारी ती ठरलेल्या टप्प्याच्या अलीकडेच बाहेर पडेल, रविवारी सामान घेऊन दारात उभी असेल. पास झाली तर आणखी दोन वर्षं तिथेच. दोन वर्षांत ती सतराची होईल, आणि मग कुठलं घर नि कसलं काय. मी स्वतः बाई आहे या विषयाची, दुसऱ्यांच्या पोरींना घासूनपुसून पुढे ढकलते, आणि माझ्या मनात हे आलं. आलं आणि मुक्कामाला राहिलं.

मला तू हवी आहेस, भिंगरे. तुझा पसारा, तुझं ते तडातडा बोलणं, ओल्या केसांनी माझ्या उशीवर येऊन लोळणं, सगळं हवं आहे. शाळेत कोणी धावत जवळून गेलं आणि घामाचा वास आला तरी मी वळून बघते. तुझ्या वयाच्या मुलींचं मनगट धरून नाडी मोजते तेव्हा हात जरा जास्त वेळ राहतो. फोनवर मी ‘मजेत आहे’ म्हणते ते खोटं असतं. तुझंही असतं का, हे विचारायचा धीर होत नाही.

आता नीट वाच. गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा दिवस तुझ्या हातात आहे, तेवढा पुरेल. हात उचलायचाच नाही. दोन्ही मुठीत एकेक रुमाल घट्ट धरून पळ, म्हणजे तळवा उघडणार नाही. शेवटच्या दोन पावलांत कमरेतून खाली बस, अंग बाजूला वळव, पुढचा पाय रेषेवर रोव आणि त्याच पायाने स्वतःला परत ढकल. भिंतीचं काम पायाने करायचं. एकदा डाव्या पायावर वळ, एकदा उजव्या. चष्मेवालीला रेषेपाशी उभी कर आणि तुझा हात हलला की तिला जोरात ओरडू दे. तिला आवडेल. शुक्रवारी संध्याकाळी मात्र पळू नकोस, पाय वर करून पड.

हे जमलं तर तू पास होणार, मला शंका नाही. मग माझं काय होईल ते माझं मी बघेन. नापास झालीस तर पळून पळून, जीव तोडून नापास हो. मी दारातच तुला असं घट्ट धरीन की मला वाईट वाटतंय की बरं, ते तुला कळणारही नाही. पण माझ्या गप्प राहण्यामुळे तू परत आलीस, तर एका घरात राहून मला तुझ्या डोळ्यांत बघता येणार नाही. आत्ता तू लांब आहेस. मग तू समोर बसलेली असूनही लांबच राहशील.

हे सगळं आत्ता बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं निदान एकाने तरी मला अडवावं. ते उठले, चपला घातल्या आणि व्हॅनची किल्ली घेऊन दारात उभे राहिले. म्हणाले, “उरक लवकर. मी आत्ताच त्यांच्या घरी नेऊन देतो. सकाळपर्यंत हे घरात राहिलं तर आपल्या दोघांच्यानेही देववणार नाही.”

म्हणून इथेच थांबते.

तू नापास व्हावीस असं तीन दिवस मनापासून वाटलेली,
तुझीच,
आई