धटिंगणाची तीन वाक्यं

२ फेब्रुवारी, सकाळ
रोजनिशी आजपासून सुरू. मोठी माणसं ठेवतात. पुढे आत्मचरित्र लिहायची वेळ आली की शोधाशोध नको.

संपादकबाईंचा फोन. बालविशेषांकासाठी तीन रोबो पाठवतायत. मोठे, सेलवर चालणारे, बोलणारे, वय वर्षं तीन ते सहासाठी. म्हणाल्या, या वेळी कृपा करून खऱ्या मुलाला खेळायला द्या, ते काय करतं ते बघा, मग लिहा. मागच्या खुळखुळ्याच्या लेखाबद्दल अजून लोक बोलतात म्हणे. मी त्यात एवढंच म्हटलं होतं की खुळखुळ्याला कथानक नाही. खरं बोललं की सख्ख्या आईलाही राग येतो, ही तर संपादक. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, हा लेख फसला तर तुमचं खेळण्यांचं सदर बंद.

बायकोला सांगितलं. ती दातांची डॉक्टर, त्यामुळे तिला दुखऱ्या जागी बोट ठेवायची सवय आहे. म्हणाली, सदर गेलं तर तुझ्याकडे दुसरं काय काम आहे? मी म्हटलं, हा प्रश्नच उद्भवत नाही. ती म्हणाली, उद्भवलाय, तू फक्त तिकडे बघत नाहीयेस.

संकल्प: हा लेख असा लिहायचा की खेळण्यांच्या धंद्याला घाम फुटला पाहिजे.

३ फेब्रुवारी
खोकी आली. एकेक एवढं की आत माणूस झोपेल. रोबोंना आत तारांनी, दोऱ्यांनी, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जखडून ठेवलेलं. कैदी पळून जाईल अशी भीती असावी. सोडवता सोडवता सुरी अंगठ्याला लागली. नोंद: लेखात रक्ताचा उल्लेख करावा.

खोक्यांवरची नावं इंग्रजी आणि लांबलचक. मी माझी ठेवली. लाल, आडदांड, छातीत दिवे: धटिंगण. पिवळा, डोक्यावर कर्णा: भोंगा. पांढरा, नुसता उभा: ठोंब्या.

चिरंजीव (वय साडेचार) दारात उभे राहून बघत होते. हात लावू का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, हा ऑफिसचा माल आहे. ऑफिस कुठेय, म्हणाले. मी गॅलरीकडे बोट दाखवलं. गॅलरीला पडदा लावून तिथे मी टेबल टाकलंय. चिरंजीव म्हणाले, तिथे तर चादरी वाळतात. मुलांना सगळं दिसतं, कळत काही नाही.

घरात जाहीर केलं: ऑफिसातल्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. कारणपरत्वे लागलाच, तर जसं होतं तसं, जिथे होतं तिथे, तंतोतंत परत. आई म्हणाली, बरं. आईचं हे एक बरं आहे, सांगितलेलं पाळते.

५ फेब्रुवारी
परीक्षण सुरू. धटिंगणाच्या छातीवरचं बटण दाबलं. दिवे लागले. गरजला, मी आलोय! ठीक. दुसऱ्यांदा दाबलं. म्हणाला, संकट कुठे आहे? तिसऱ्यांदा दाबलं. चल, लढूया! चौथ्यांदा दाबलं. मी आलोय! अरे बाबा, आलायस ते कळलं, बस आता.

पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. तीन वाक्यं. संपला खजिना. ना चालणं, ना फिरणं. उजवा हात वर करतो, तो जणू शिक्षकांना विचारून बाहेर जायचंय.

भोंग्याचीही तीनच. ठोंब्याचीही तीनच, वर तो बोलताना मान हलवतो आणि तीही नाखुशीने.

आनंद गगनात मावेना. तीन कंपन्या, तीन रोबो आणि प्रत्येकाची तीनच वाक्यं! हा योगायोग नाही. यात एक सिद्धान्त दडलाय.

६ फेब्रुवारी
सिद्धान्त सापडला. नाव: त्रिवाक्य सिद्धान्त. आजच्या मुलांना तीन वाक्यांपलीकडे ऐकायची ताकद उरू नये, असा खेळणी बनवणाऱ्यांचा डाव आहे. पुढे हीच मुलं मोठी होऊन माझे लेख अर्ध्यावर सोडणार.

बायकोला जेवताना सगळा समजावून सांगितला. तिसऱ्या वाक्याला ती उठून ताक आणायला गेली. बघा!

९ फेब्रुवारी
मुलाकडून चाचणी करून घ्यायची की नाही, यावर विचार केला. नाही. कारणं: एक, मुलांना काहीही आवडतं. काल चिरंजीव अर्धा तास कुकरच्या रिंगशी खेळले. दोन, मीही कधीकाळी मूल होतो, तो अनुभव गाठीशी आहे. तीन, माल खराब झाला तर कंपनी परत घेणार नाही.

संपादकबाईंना कळवून टाकलं की चाचणी सुरू आहे. यात खोटं काही नाही. कोण करतंय, ते मी म्हटलेलं नाही.

दुपारी चिंतन. सोफ्यावर. आई म्हणते घोरत होतास. चिंतनाला आवाज असतो.

११ फेब्रुवारी
चिंतनात व्यत्यय. चिरंजीव आतल्या खोलीत घोगऱ्या आवाजात वीसपर्यंत आकडे मोजत होते. घसा बसलाय. आईला ओरडून सांगितलं, त्याला गरम पाणी दे. आई म्हणाली, कोणाला, धटिंगणाला? वयाबरोबर आईला विनोद सुचायला लागलेत.

आणखी थोडं चिंतन करून उठलो, ऑफिसात पाहिलं. धटिंगण जागच्या जागी. बटण दाबलं. मी आलोय! होय रे, माहितीये.

१३ फेब्रुवारी
चिरंजीव जेवताना म्हणाले, धटिंगण लपाछपी खेळतो. माकड राजाची गोष्ट सांगतो, शंभरदा सांगितली तरी त्यातला राजा झाडावरून कधी पडत नाही. आणि चादरीखाली अंधार केला की धटिंगण म्हणतो, दिवा लाव, मला भीती वाटते.

मी थक्क. केवढी कल्पनाशक्ती! लगेच टिपून घेतलं. लेखाचा कळस हाच: खेळणं इतकं दरिद्री आहे की बिचाऱ्या मुलाला स्वतःच्या डोक्यातून गोष्टी घालून त्याची भरपाई करावी लागते. हे लिहिताना माझेच डोळे भरून आले. चिरंजीवांच्या पाठीवरून हात फिरवला. ते म्हणाले, बाबा, तू पण ये ना खेळायला. मी म्हटलं, नंतर, आत्ता तुझ्यावरच लिहितोय.

१५ फेब्रुवारी
तिघांचेही सेल संपले! तीन वाक्यांत! भस्म्या रोग झाल्यासारखे खातात. मी मोजून दिवसातून चार-पाच वेळा बटण दाबतो. लेखात नवा परिच्छेद घातला: ‘वाक्यामागे एक सेल’.

आई म्हणाली, नवे आणशील तर चांगले आण, मागचे लगेच उतरले. हिला काय करायचंय? पण आणले.

१८ फेब्रुवारी
लेख पाठवला. शीर्षक: ‘तीन वाक्यांचे राक्षस’. शेवटचं वाक्य: ‘पालकहो, यापेक्षा मुलाला भिंतीशी बोलायला सांगा, ती निदान सेल मागत नाही.’ स्वतःच पाच वेळा वाचला. असं काही लिहून झालं की माणसाने आठवडाभर काही करू नये.

१९ ते २५ फेब्रुवारी
काही केलं नाही.

२७ फेब्रुवारी
अंक आला. पानभर लेख, वर माझा फोटो. फोटो जुना आहे, केस होते तेव्हाचा. आता नवा काढून ठेवायला हवा, मुलाखती येतील. उद्या सलून.

२८ फेब्रुवारी
सलूनमधून आलो तर आई फोनवर. कोणाशी तरी मजेत चाललं होतं. हसणं काय, टाळी काय! गॅसवर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलेलं, तिकडे लक्ष नाही. मी खुणेने विचारलं, कोण? आईने तळहाताने थांब म्हणून सांगितलं. स्वतःच्या घरात!

शेवटी फोन ठेवून म्हणाली, तुझ्या संपादकबाई होत्या. गोड आहे रे बाई. तुलाच केला होता फोन.

मला? मग मला का दिला नाही? म्हणाली, तू केस कापायला गेला होतास, मग म्हटलं आपणच बोलावं. काय बोललात एवढं? रोबोंबद्दल, म्हणाली आणि फडकं आणायला गेली.

अभिनंदनाचाच असणार. संध्याकाळी मीच उलट फोन करणार आहे. नम्रपणे बोलायचं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
केला.

बाई म्हणाल्या, ई-मेलचा ढीग पडलाय. मी म्हटलं, वाटलंच होतं. त्या म्हणाल्या, सगळ्यांनी एकच विचारलंय, तुमच्या समीक्षकांनी पाठीमागची कळ सरकवली होती का?

कसली कळ?

म्हणाल्या, दुकानात ठेवतात तेव्हा अशी खेळणी ‘ट्राय मी’वर असतात. गिऱ्हाईकाने दाबून बघावं म्हणून दोन-तीन वाक्यं बोलतात, बस. घरी आणलं की कळ ‘ऑन’वर करायची. इतकी वर्षं खेळण्यांवर लिहिताय, कळ बघितली नाहीत?

मी म्हटलं, पाहून सांगतो. फोन आपोआप कट झाला. म्हणजे मी केला.

धटिंगणाला पालथा घातला. पाठीवरच्या पिशवीखाली काळी कळ. बारीक अक्षरं. ‘ट्राय मी’. सरकवली.

धटिंगणाने मान वळवली. म्हणाला, नमस्कार दोस्ता, तुझं नाव काय? मी सांगितलं. म्हणाला, छान नाव आहे! आज आपण रंग ओळखूया. मग आकार. मग लपाछपी. मग वीसपर्यंत आकडे, घोगऱ्या आवाजात. मग माकड राजाची गोष्ट, लांबच लांब. मला लाल दाखव, म्हणाला. मी लाल पेन दाखवलं. म्हणाला, प्रयत्न चांगला होता, पुन्हा कर!

आईला हाक मारली. तुला ही कळ माहीत होती? म्हणाली, हो, पहिल्याच दिवशी. तू दुपारी घोरायला लागलास की आम्ही काढायचो. मग मला का सांगितलं नाहीस? म्हणाली, तूच म्हणालास ना, जसं होतं तसं परत ठेवायचं. मी कळसुद्धा आठवणीने मागे करून ठेवत होते रोज.

तंतोतंत. माझाच शब्द. आपलेच दात, आपलेच ओठ.

१ मार्च
रात्रभर विचार केला. चूक माझी नाहीच. कळ पाठीला असणं हा बनावटीतला दोष आहे. जगात कोण माणूस समोरून भेटल्यावर आधी पाठ बघतो? शिवाय सिद्धान्त आणखी पक्का झाला: मुळात तीनच वाक्यं बोलायचं ठरवूनच हे घराबाहेर पडतात.

खुलासा लिहिला. लेखापेक्षा लांब झाला. बायकोला वाचायला दिला. ती म्हणाली, दुखत असताना माणसं तोंड मिटून घेतात, तू उघडतोस. क्लिनिकची भाषा घरात नको म्हणून सांगितलंय तिला.

४ मार्च
बाईंनी खुलासा छापला. दोन ओळी. ‘गेल्या अंकातील लेखातील तिन्ही रोबो बोलतात. चुकीबद्दल क्षमस्व.’ क्षमस्व मी लिहिलंच नव्हतं.

संकल्प: आता पुन्हा शास्त्रशुद्ध चाचणी, खऱ्या मुलासह. सदर वाचवायचं. चिरंजीवांना बोलावलं, म्हटलं, चल, आता खेळ, मी बघतो. ते म्हणाले, तू बघत असलास की तो तीनच वाक्यं बोलतो. मी म्हटलं, आता कळ बदललीये. ते म्हणाले, नंतर, मी आजीबरोबर आहे. मग आत जाऊन दार लावून घेतलं. आतून तिघांच्या हसण्याचा आवाज. तिसरा धटिंगण.

दारावर टकटक करायचं मनात आलं. पण समीक्षकाने अंतर राखावं. बराच वेळ राखलं. वाईट वाटलं. लिहून ठेवतोय, कोणी वाचत नाही म्हणून.

७ मार्च
बाईंचा फोन. मी उचलला. म्हणाल्या, आई आहेत का?

१० मार्च
सदर बंद नाही झालं. हे महत्त्वाचं. फक्त पुढच्या अंकापासून आई लिहिणार आहे. बाई म्हणाल्या, त्या दिवशी फोनवर त्यांनी ठोंब्याबद्दल जे सांगितलं ते तसंच्या तसं छापता येईल. मीही म्हटलं, चांगली कल्पना आहे, सदर घरातच राहतंय. बायको म्हणाली, बरं झालं बाई, तुम्हा दोघांत एकाला तरी काम लागलं.

आईला डोळ्यांनी बारीक दिसत नाही. त्यामुळे टाइप मी करणार. म्हणजे एका अर्थी संपादन माझंच. आईला म्हटलं, वाक्यांवरून मी हात फिरवीन. आई म्हणाली, जसं सांगेन तसं लिही.

१४ मार्च
आईचा पहिला लेख टाइप केला. आई तोंडाने सांगत होती, मांडीवर चिरंजीव, पायाशी धटिंगण. मी मध्ये ‘तद्वतच’ घालून पाहिला. म्हणाली, काढ तो.

लेख बरा आहे. भोंग्याचा आवाज कमी करता येत नाही, म्हणून त्याच्या कर्ण्यात मोजा कोंबावा, असं लिहिलंय. धटिंगण चांगला, पण दुपारी मूल आणि तो दोघंही दमतात, तेव्हा दोघांना झोपवावं. ठोंब्या परत करावा. सगळं मिळून पाऊण पान. सिद्धान्त एकही नाही.

शेवटी आई म्हणाली, लिही: ‘खोक्यावर छापलंय की मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली खेळावं. हे मात्र पाळा. आमच्याकडे दिवसा घरात मोठं माणूस मी एकटीच असते, त्यामुळे मी बसते.’

मी टाइप करता करता थांबलो. म्हटलं, आई, मीही दिवसभर घरीच असतो.

आई म्हणाली, ‘बसते’नंतर टिंब दे.

दिलं.