गाळलेल्या पाण्याचा थेंब

निपाणी, २६ एप्रिल १९३६
फेब्रुवारीनंतर वहीत एक ओळ नाही. वहीने क्षमा करावी. कारणे शोधली तर सापडतील. आळस हेच खरे.
सुट्टी लागली. हेडमास्तरांना विचारून शाळेचा सूक्ष्मदर्शक घरी आणला. बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन मंदिरातले, उपाध्ये म्हणतात, आपले आचार आणि सायन्स यावर चार शब्द बोला. पाणी गाळण्यावर बोलेन. पूर्वजांनी पाण्यातले जीव भिंगाशिवाय ओळखले, वगैरे.
पुण्याला होस्टेलात मुले ‘गाळीव’ म्हणून हाक मारायची; महिन्याभरात पाणी गाळायचे फडके ट्रंकेत गेले. आता त्याचीच वकिली. श्रद्धा, की जुना अपमान धुऊन काढणे?

२७ एप्रिल
चूक झाली.
आक्काला विहिरीचा थेंब दाखवला. आक्का, माझी थोरली बहीण, बाराव्या वर्षी विधवा. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. गाळून झाले की फडक्यातले जीव परत विहिरीत सोडायला ती रोज स्वतः जाते, अंगात ताप असला तरी.
“बाई गं, केवढी वळवळ!” लहान मुलीसारखी हसली. मग, “आता गाळल्यालं दाव.”
आधी मी पाहून घ्यायला हवे होते. फुशारकीत थेट तिलाच दाखवले. थेंबात दोन फिरत होते.
“ह्ये मी जन्मभर पीत आले?”
घाबरली की ती कानडीवर जाते. “ब्याड, ब्याड,” नको नको म्हणत तांब्या दूर सारला.

२९ एप्रिल
दिवसभरात दोन वाट्या पाणी. उन्हाचा हा कहर.
उकळून दिले. “जित्ते हुते, तेस्नी शिजवून प्यायचं व्हय रं बाळू?”
उपाध्यांना बोलावले. ते म्हणाले, “आक्का, मुनीसुद्धा उकळलेलंच घेतात.”
“तेस्नी कुणी दाखवलंय कुठं?”
उपाध्ये छत्री घेऊन निघाले.
सौ.: “तुमचं कालेज घाला चुलीत. त्यांचे ओठ फुटलेत.”

२ मे
तीन मडक्यांची उतरंड केली. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, खालच्याच्या तोंडाला चौपदरी खादी. वाळू पाच वेळा बदलली. हातांना काम मिळाले की बरे वाटते, तेवढाच वेळ. पाणी आरशासारखे.
भिंगाखाली अजून एक आहे. संथ, गोल फिरतो. सुंदर आहे, हे लिहायची लाज वाटते.

४ मे
सकाळी आक्का उठताना भिंतीला धरून खाली बसली. जीभ कोरडी. सौ. रडली.
मी थेंब ठेवला, सूक्ष्मदर्शकाची नळी मुद्दाम थोडी वर घेतली, काही स्पष्ट दिसू नये इतकी. नुसता पांढरा धूसर गोल. मग तिला बोलावले. एक डोळा हाताने झाकून बराच वेळ पाहत होती.
“काय न्हाय रं!”
“न्हाय,” मी म्हणालो.
ती दोन तांबे पाणी प्याली. घशाचा आवाज ऐकवेना, बाहेर जाऊन उभा राहिलो.
वर्गात पोरांना सांगतो, दिसले तेच लिहा.

६ मे
आक्का बरी. भाकरी थापताना सौ.ची थट्टा करत होती. हे खरे बोलून मिळाले असते का?
दुपारी सहा बायका घागरी घेऊन दारात. आक्काने बस्तीत सांगितले आहे: “आमच्या बाळूनं गाळणं केलंय, एक बी जीव ऱ्हात न्हाय.” मागोमाग उपाध्यांचा निरोप: उद्या आरतीनंतर ती उतरंड सर्वांसमोर मांडा, व्याख्यानही तेव्हाच.
खरे सांगितले तर ती पुन्हा तांब्या सारील, आणि या वेळी माझ्या शब्दावर परत ओढणार नाही. न सांगितले तर अख्खी बस्ती माझ्या एका ‘न्हाय’वर पाणी पिणार. उपाध्यांना एकट्यांना सांगावे, तर त्यांनी ते पोटात ठेवावे असे कोणत्या तोंडाने म्हणू…
आक्का आतून विचारते आहे, उद्या कुठलं धोतर काढून ठेवू.

उद्या: आरतीच्या आधी उपाध्यांची गाठ घेणे.