ओळखीचा फोन

मंगळवार, ४ मार्च

डबी आज पुन्हा आपोआप वाजली. टिंग-टूं! मी भांडी विसळत होते. डबी फ्रिजवर, माझा फोन आतल्या खोलीत आणि त्याचं ब्लूटूथ बंद. (गाणी ऐकून झाली की मी ते आठवणीने बंद करते, नाहीतर कुणाचा फोन आला की त्याची गाऱ्हाणी घरभर ऐकू जातात.) मग ही जोडली गेली कुणाशी? थोड्या वेळाने टूं-टिंग. तुटलीसुद्धा.

मुठीएवढा स्पीकर. चिरंजीव घर सोडून गेले तेव्हा विसरले. की मुद्दाम ठेवून गेले, कोण जाणे.

बुधवार, ५ मार्च

दिवसभर कान टवकारून बसले. काही नाही.

शनिवार, ८ मार्च

वाजली! संध्याकाळी. हे फिरायला गेले होते, परतायच्या जरा आधी.

शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म गेला माझा. परीक्षानळ्या धुवायच्या आणि पोरांनी काय सांडलंय ते वासावरून ओळखायचं. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारणीकडे गेले, तिचा फोन बंद-चालू करून बघितला. बिचारीने करू दिलं. डबी ढुंकून बघेना. मग दिव्याची बटणं, मिक्सर, वॉशिंग मशीन – सगळं लावून बघितलं. ढिम्म.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "जुनी झाली असेल. टाकून दे."

टाकून दे म्हणे! पोराची तेवढी एकच वस्तू बाहेर उरली आहे, बाकी सगळं कपाटात. ह्यांना वाटायचं त्याने आमचं चष्म्याचं दुकान सांभाळावं. त्याला समारंभांना स्पीकर लावायचं वेड. "जा, भोंगे लावत फिर," हे म्हणाले. "फिरतो," तो म्हणाला, आणि गेला. मला फोन करतो. घरी ये म्हटलं की विषय बदलतो. ह्यांच्यापुढे तर त्याचा विषयही काढायची सोय नाही. मला दुसरं काही नको. त्याने दारातून आत यावं आणि ह्यांनी त्याला बस म्हणावं, एवढंच.

सोमवार, १० मार्च

डबी पिशवीत घालून रिपेअरवाल्याकडे गेले. त्याने उघडली, फुंकर मारली, परत लावली. "काही बिघाड नाही, बाई. ओळखीचा फोन जवळ आला की ही त्याला धरते. एकदा जोडलेला फोन विसरत नाही."

"जवळ म्हणजे किती?"

"इथून समोरच्या फुटपाथपर्यंत समजा. भिंती आल्या तर कमी."

घराच्या जिन्यात पोचले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हिच्या ओळखीचे फोन दोनच. एक माझा, एक त्याचा. ह्यांचा तर बटणांचा, त्याला असलं काही कळत नाही.

म्हणजे तो येतो. खालपर्यंत येतो आणि वर येत नाही. हसावं की रडावं कळेना. दोन्ही करून घेतलं.

मंगळवार, ११ मार्च

वाजली. खिडकीकडे धावले. खाली पत्र्याची शेड, तिच्याखालचं काय दिसणार! फोन लावावासा वाटला, पण हात आवरला. विचारलं की यायचाच बंद होईल.

मंगळवार आणि शनिवार. संध्याकाळी. हे बाहेर असतानाच. त्यांना टाळूनच येत असणार.

शनिवार, १५ मार्च

आज टिंग-टूं झालं तशी अनवाणी खाली पळाले. शेवटच्या पायरीवर हे बसलेले, एकटेच. एक हात भिंतीला. गेटाबाहेर कुणीतरी वळलं. त्या पाठीवरून हात फिरवलाय मी, ओळखणार नाही का?

"इथे काय करताय?"

"दम खातोय."

"तो आला होता ना? तुम्ही हाकललंत त्याला?"

भिंतीला धरून उठले आणि जिना चढू लागले. पोरगं अर्ध्या वाटेपर्यंत येतं आणि हा माणूस पायरीवर पहारा देतो! एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

रविवार, १६ मार्च

अबोला. चहाचा कप आदळला ह्यांच्यापुढे. चाचपडत उचलला, मुकाट प्याले. नाटकं सगळी.

मंगळवार, १८ मार्च

टिंग-टूं. मी जागची हलले नाही. गेले असते तर जिन्यातच भांडण झालं असतं.

तर डबी बोलायला लागली. गाणं नाही, कुणी डॉक्टर. "डाव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. उजवा वाचवायचाय. थेंबांची वेळ चुकवायची नाही. रेकॉर्ड करताय ना? घरी पुन्हा ऐका." मग त्याच रेकॉर्डिंगमध्ये आमच्या पोराचा आवाज, "बाबा, आता तरी आईला सांगू या." आणि मग हे – "म्हणूनच तुला वर येऊ देत नाही. तिच्यासमोर तुझ्या पोटात काही राहायचं नाही. थोडे दिवस जाऊ देत."

गॅस बंद केला आणि खाली गेले. दोघं पायरीवर खेटून बसलेले. ह्यांचा हात त्याच्या गुडघ्यावर. तो फोन कानाशी नेत होता, हलवत होता. "थांबा बाबा, आवाजच येत नाहीये."

मी म्हटलं, "आवाज वर येतोय. चला, वर चला दोघं."