चौथ्या चाकाचं तेल

बाबा, शर्यतीत आपली गाडी दुसरी आली! पहिल्या दोन गाड्या पुढच्या महिन्यात मोठ्या शर्यतीला कानपूरला जातात, म्हणजे आपण जाणार. ग्राफाइटने बोटं अजून काळी आहेत, कागदावर डाग पडताहेत, पडू देत.

गाडी तीच, खोक्याच्या देवदारी फळीतून तुम्ही कोरलेली, वीतभर. मी तेव्हा सातवीत आहे, मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमागे तुम्ही तिला पॉलिशपेपर घासताय. मी विचारते, "इंजिन कुठाय?" तुम्ही म्हणता, "उतार हेच इंजिन. आपण फक्त अडवायचं नाही." मग आसावर तेलाचा थेंब. "फिरतं ते सगळं तेल मागतं." पंखा, आईचं शिलाई मशीन, माझी सायकल, सगळ्यांना तुमच्या कुपीतलं तेल मिळायचं. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात आणि गाडी कपाटात राहिली.

यंदा कॉलनीत लाकडी गाड्यांची शर्यत ठरली तशी मी ती काढली. घरातली पहिली पदवीधर, इंजिनिअर, आणि पहिलं काम तुमच्याविरुद्ध केलं: तेल पुसलं. एवढ्याशा गाडीला तेल जड होतं बाबा, धूळ धरतं. ग्राफाइटची कोरडी पूड घातली, चाकं फिरवत राहिले, आस आरशासारखे झाले. पहिल्या फेरीत आपण सगळ्यांच्या पुढे! दोन फेऱ्यांच्या मधे तर तिला जास्तच जपावं लागतं. पेटीत उलटी ठेवायची, चाकांवर भार नको. आसाला बोटसुद्धा लावायचं नाही, कातडीचं तेलही तिला अडवायला पुरतं.

आणि मधेच खंडेनवमी आली. ऑफिसमधून येऊन बघते तर पाटावर तुमचे पाने, पकड आणि शेजारी गाडी. हळदकुंकू, झेंडू, आणि चारही चाकांत तेल. पुडीचा चिखल झालेला.

"आई, हे काय केलंस!"

"काय म्हणजे? बाबा दरवर्षी करायचे. अवजारांची पूजा करायची आणि त्यांच्या गाडीला कोरडं ठेवायचं?"

"रविवारी फायनल आहे गं!"

"म्हणूनच तर."

दुसऱ्या दिवशी स्पिरिट आणि कापूस घेऊन बसले. आस पुसले, पुन्हा पूड, पुन्हा फिरवणं. आई शेवटी एवढंच म्हणाली, "एवढी शिकलीस, त्यांचा एक थेंब जड झाला?" गाडी हरली असती तर मी सोसलं असतं, हे नाही सोसवलं. मग माझं लक्ष पुढच्या डाव्या चाकाकडे गेलं. ते मी मुद्दाम जरा वर बसवलंय, घर्षण कमी व्हावं म्हणून. गाडी तीनच चाकांवर धावते. मी कुपी आईच्या हातात दिली. "ह्याला घाल."

"एकालाच?"

"बाबांचं एक पुरे."

आज उतारावर शेजारच्या आंटी ओरडत होत्या, "छोड़ो बिटिया, छोड़ो!" आणि गाडी अशी सुटली, बाबा, अशी सुटली! आई आंटींना सांगत होती, "वो तेलवाला पहिया देखा?" मग माझ्याकडे वळून म्हणते, "बाकीच्यांनाही घालू दिलं असतंस तर पहिली आली असती."

ते चाक जमिनीला टेकतच नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही. हा कागदही पेटीत ठेवणार नाही, त्याचे तंतू आसात जातात. तुम्हाला म्हणून सांगते: गाडी सोडायच्या आधी कुणी बघत नाहीसं पाहून मीही त्याच चाकाला बोट लावलं होतं.